भरीत पार्टीला भावाला बोलवावं का?

“माझा धाकटा भाऊ बायको-मुलीला सोडून भुसावळला दुसऱ्या बाईबरोबर राहतो. ती आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, नाही. पाळकसाहेबांनी त्याला समजावलं, पंचही जाऊन आले. तो म्हणतो, ‘मी काही पाप करत नाही.’ मंडळीने त्याचं प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) बंद केलं. भावजय आणि भाची माझ्या आईकडेच राहतात. नाताळ झाला की यावलकडच्या शेतात आमच्या घरची भरीत पार्टी असते. आई म्हणते, त्याला बोलवा. थोरला भाऊ बायबलमधलं १ करिंथ ५ (पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय ५) उघडून दाखवतो, की अशा माणसाबरोबर जेवूसुद्धा नये. मी दोन महिने त्याचा फोन उचललेला नाही. ती बाई बाजारात दिसली की आम्ही तोंड फिरवतो. माझं चुकतंय का?”
– एक बहीण, जळगाव जिल्हा

ताई, प्रभूमध्ये सलाम.

आधी फोनचं बोलते. तो उचला. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी, न ऐकणाऱ्याची संगत धरू नका असं पौल सांगतो आणि लगेच बजावतो, की त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा. फोनच घेतला नाही तर बोध कसा करणार?

तुमच्या थोरल्या भावाने दाखवलेलं वचन खरं आहे आणि मी ते गुळमुळीत करणार नाही. स्वतःला विश्वासी म्हणवून घ्यायचं, बायकोला वाऱ्यावर सोडायचं आणि वर ‘पाप नाही’ म्हणायचं, हे मंडळीने चालवून घेऊ नये. प्रभुभोजन थांबवलं ते योग्यच. पण त्या ११व्या ओवीत व्यभिचारी माणूस एकटा नाही. लोभी आहे, निंदा करणारा आहे, दारुडा आहे, लुबाडणारा आहे. शेतात पंगत बसेल तेव्हा ही सगळी यादी लावायची असेल तर थोरल्या भावाने खुशाल लावावी. एकाच शब्दावर बोट ठेवून सख्ख्या भावाला घराबाहेर काढायचं, हे मला मान्य नाही.

आता त्या बाईचं. त्याच अध्यायात पौल साफ सांगतो, की बाहेरच्यांचा न्याय करणं आपल्याकडे नाही, आणि त्यांची संगत टाळायची तर आपल्याला हे जगच सोडून जावं लागेल. ती मंडळीत नाही, तिने कसली शपथ मोडलेली नाही. शपथ तुमच्या भावाची होती. तरी सगळ्यांनी तोंड फिरवलं ते तिच्याकडे बघून. बाजारात दिसली तर ‘बरी आहेस ना?’ एवढं विचारा. त्याने तिच्या राहण्याला तुमची संमती मिळत नाही.

मत्तय १८ सुद्धा तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेल: मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला जकातदारासारखा होवो. पण त्याच शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात येशू, लोक ज्यांना पापी समजत त्या जकातदारांच्याच पंक्तीला जेवायला बसलेला आहे. त्यांचा धंदा बरा आहे असं तो तिथे म्हणत नाही. वैद्याची गरज दुखणेकऱ्याला असते, असं म्हणतो.

मग पार्टीला बोलवायचं? यंदा नको. कारण करिंथ नाही, कारण तुमची भावजय आहे. कपाशीच्या काटक्यांवर वांगी भाजली जाताहेत, बायका मिरच्या-लसूण बडवताहेत, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जाताहेत, आणि ज्याने सोडलं तो समोर बसून हसतोय. तिने त्याला वाढायचं का? क्षमेची घाई करणारी माणसं तिच्यासारखीला नेहमी विसरतात. ती स्वतःहून ‘येऊ दे’ म्हणाली तरच त्याला बोलवा, आणि हे तिला आईसमोर विचारू नका. सासूसमोर ती ‘नाही’ म्हणू शकणार नाही.

आईला मात्र पोराला भेटू द्या. एखाद्या दिवशी दुपारी त्याला तुमच्या घरी एकट्याला बोलवा, आईला तिथे आणा, जेवू घाला. तुमचं मत त्याला एकदाच सांगा: ‘तू चुकतोयस, मंडळीने केलं ते बरोबर केलं, आणि तरी तू माझा भाऊ आहेस.’ मग दर भेटीला तेच उगाळू नका.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा काढा: मुलीचा खर्च. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूला घरी घेतलं आणि लुबाडलेलं चौपट परत देईन म्हणाला. पश्चात्ताप झाला की नाही हे आपल्याला मनात शिरून कळत नाही, पण मुलीची फी कोण भरतंय ते कळतं. तो देत नसेल तर भावजयीला कोर्टात पोटगी मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (पूर्वीचं १२५) सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. बहीण म्हणून त्या दिवशी तुम्ही तिच्याबरोबर कोर्टात जा. भावाला राग आला तर येऊ द्या.

आणि तो कधी परतला, तर थोरल्या भावाला दुसऱ्या करिंथचा दुसरा अध्याय काढून द्या. शिक्षा झालेल्या माणसाला आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं तोच पौल तिथे लिहितो.

फोन आज संध्याकाळीच करा. पहिल्या बोलण्यात पैशाचा विषय नको, तो पुढच्या फोनला, पण नाताळच्या आत.