भूक कमी करणाऱ्या हार्मोनची जीन थेरपी केली तर प्रजननावर परिणाम होतो का?

होतो, पण बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट दिशेने: अंगात या हार्मोनची उणीव असेल, तर ते मिळाल्यावर प्रजनन थांबत नाही, उलट सुरू होतं. भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन चरबीच्या पेशींतून स्रवतं. त्याचं जनुक 1994 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. हे जनुक बिघडलेले उंदीर खातच सुटतात, लठ्ठ होतात आणि त्यांना पिल्लंही होत नाहीत. लेप्टिन टोचल्यावर मात्र अशा माद्या गाभण राहिल्या.

अंगात पुरेशी चरबी आहे, हा निरोप लेप्टिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला देतं. तो पोचला नाही तर मेंदूला उपासमार चालू आहे असंच वाटतं (अंगावर कितीही चरबी असो!) आणि तो प्रजननाची हार्मोनं रोखून धरतो. जन्मतः लेप्टिन नसलेली मुलं म्हणूनच वयात येत नाहीत. लेप्टिन दिल्यावर येऊ लागतात.

जीन थेरपीत निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून हे जनुक थेट हायपोथॅलॅमसमध्ये सोडतात. प्रयोगातल्या उंदरांची भूक आणि वजन त्याने घटलं. माणसांसाठी असा उपचार उपलब्ध नाही. शिवाय बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असतं; मेंदूच त्याला दाद देत नाही.