सगळी पुस्तकं ८१ टक्क्यांवर

"मावशी, मी ३७ वर्षांचा, सांगलीत एका पतसंस्थेत नोकरीला आहे. घरी आई आणि मी. मी गे आहे हे फक्त पुण्याच्या ताईला आणि कोल्हापूरच्या एका मित्राला माहितीये. दोन वर्षं झाली, मला दोन पुरुषांच्या प्रेमाच्या इंग्लिश कादंबऱ्या वाचायचं वेड लागलंय, त्या हलक्याफुलक्या, गोड शेवटाच्या. ताई म्हणते हे सगळं गोग्गोड खोटं आहे, असं कुठे होतं का, काहीतरी सिरियस वाच, उगाच अपेक्षा वाढतील. काळजीपोटीच बोलते ती. किंडलवर ४७ पुस्तकं झालीत, बरीचशी ८०-८१ टक्क्यांवर राहिलीयेत, वेळच होत नाही. कोल्हापूरचा मित्रच पुस्तकं सुचवतो, मग शेवट कसा वाटला विचारतो, मी विषय बदलतो. मावशी, सोडून देऊ का हे वाचणं?
– एक वाचक"

अरे वाचका, कसला वाचक, अर्धवट आहेस तू. रागावू नकोस, तूच लिहिलंयस. वेळ होत नाही म्हणे! तीनशे पानांचं पुस्तक धर, त्यातली दोनशे त्रेचाळीस पानं वाचायला वेळ होतो आणि उरलेली सत्तावन्न वाचायला होत नाही, आणि हे एकदा नाही, पुस्तकामागून पुस्तक. पतसंस्थेत हिशोब बघतोस ना? मग हा बघ.

मी या कादंबऱ्या वाचल्यात, भाचीने नाद लावला. पाऊस, बंद पडलेली गाडी, लॉजमध्ये एकच खोली आणि खोलीत एकच पलंग, हाताला हात लागेपर्यंत दीडशे पानं, त्याला स्लो बर्न म्हणायचं, मी तर दोनदा चहा उतू घालवलाय त्यापायी. आणि मग पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठरल्यासारखं बिनसतं. गैरसमज होतो, एकजण बॅग भरतो, दार लागतं. थर्ड ॲक्ट ब्रेकअप म्हणतात त्याला, माझ्या भाचीला तर आता वास येतो तो जवळ आला की. समेट होतो तो त्याच्या पुढे. म्हणजे तू नेमका दार लागल्यावर किंडल बंद करतोस. गोड शेवटाच्या कादंबऱ्यांचं वेड कसलं लागलंय तुला, तू गोड शेवट फारसे वाचलेलेच नाहीस! ताई म्हणते सिरियस वाच, तू तर आधीच शोकांतिका वाचतोयस, तीही स्वतःच्या हाताने तयार करून.

लहानपणी श्रावणात आजी कहाणी वाचायची तेव्हा आम्हा पोरांच्या मुठीत अक्षता द्यायची. मूठ घट्ट मिटायची, घाम सुटून तांदूळ तळव्याला चिकटायचे, हळदकुंकवाने हात लाल-पिवळा व्हायचा, पण "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. मधे नावडत्या राणीचे हाल व्हायचे, कुणाला दारिद्र्य यायचं, पोटात गोळा यायचा, पण मुठीतले तांदूळ सांगायचे की अजून संपलेली नाही. आपण सगळे या शेवटावर वाढलो. कुणी आजीला म्हणालं नाही की हे वास्तवात होत नाही.

फक्त तुझ्यासारख्यांच्या कहाणीला कुणी सुफळ संपूर्ण म्हटलं नाही, खरं दुखणं ते आहे. १९८१ चं तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' घे, ताकदीचं नाटक, त्या काळात हात घालायला छाती लागते, पण त्यातली मुलीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. आणि इंग्लंडातही वेगळं नव्हतं. तो इंग्लिश कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर, जो १९२१ मध्ये आपल्या देवासच्या पवारांकडे, थोरल्या पातीच्या महाराजांकडे, सेक्रेटरी होता, त्याने १९१३-१४ मध्ये 'मॉरिस' लिहिली, दोन पुरुष, आणि शेवटी एकत्र राहतात. छापली कधी? १९७१ मध्ये, तो गेल्यावर पुढच्या वर्षी. त्याने स्वतः नंतर लिहून ठेवलंय की गोड शेवट करायचाच होता, आणि पोरगा फासाला लटकला असता तर पुस्तकाचं काही वाकडं झालं नसतं. पन्नासहून जास्त वर्षं एक माणूस गोड शेवट जपून ठेवतो, आणि तुला तोच शेवट अंगठ्याने पान सरकवलं की मिळतोय तर तू दिवा मालवतोस.

का मालवतोस ते मला कळतंय असं वाटतं. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तुम्हाला कलम ३७७ मधून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यातून, सोडवलं तेव्हा तू विशीच्या उंबऱ्यावर असशील, काय वाटलं असेल. आणि डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परत काढून घेतलं. चांगलं मिळालेलं कुणीतरी येऊन उचलून नेतं, त्याआधी आपणच उठावं, ही सवय तिथे लागली असेल किंवा घरात लागली असेल, तू लिहिलं नाहीस, मी खोदत नाही. पण बाळा, ती गोष्ट २०१३ ला संपली नाही ना, सप्टेंबर २०१८ आला आणि सुप्रीम कोर्टानेच तो गुन्हा पुसून टाकला. २०२३ मध्ये समलिंगी लग्नाला नाही म्हणाले तेही मला माहितीये, मी काही कोर्टावर आरत्या ओवाळत नाहीये. एवढंच म्हणतेय की तुझ्या हातात असतं तर तू २०१३ लाच किंडल मिटलं असतंस.

आणि त्या सत्तावन्न पानांत असतं काय माहितीये का? मला वाटायचं नुसती चुंबाचुंबी. तसं नाही. समेट झाला की पुष्कळदा शेवटी एक छोटं प्रकरण असतं, एक वर्षानंतर. त्यात काही म्हणजे काही घडत नाही. एकजण ओला टॉवेल गादीवर टाकतो, दुसरा ओरडतो. कुत्र्याला कुणी फिरवायचं यावर वाद. कुणाची तरी आई फोनवर दोघांनाही विचारते जेवलात का. मला रडू आलं ते टॉवेलवर, प्रेमाच्या कबुलीवर नाही. माणसं हे वाचायला जातात रे, राजवाडे आणि पाऊस ही नुसती सजावट. कुणी मेलं नाही, पळालं नाही, शिक्षा झाली नाही, मंगळवार आहे आणि दूध आणायचं राहिलंय.

ताईची काळजी तू मला समजावू नकोस. अपेक्षा वाढतील म्हणते, म्हणजे भावाच्या अपेक्षा कमी आहेत तेच तिला सोयीचं आहे. रहस्यकथेत खुनी सापडतो तेव्हा ती म्हणते का की छे, खऱ्या आयुष्यात सुटतात? तिला सांग, वाढू देत.

आता तो कोल्हापूरचा. दोन ओळीत उरकलास त्याला. दोन वर्षं एक माणूस पुस्तकं निवडून पाठवतोय आणि दर वेळी शेवट कसा वाटला विचारतोय. अरे, मी साठी ओलांडलेली बाई, मला सांगलीला न येता कळलं तो काय विचारतोय, आणि तुला कळत नाही असं तू म्हणूच नकोस, कळतं म्हणूनच विषय बदलतोस. त्याच्याबाबतीतही तू ८१ वरच थांबलायस. तो किती दिवस विचारत राहील मला माहिती नाही.

तेव्हा वाचणं सोडायचं की नाही हा प्रश्न मी घेतच नाही. आजी म्हणायची घेतला वसा टाकायचा नाही. त्याने पाठवलेलं सगळ्यात शेवटचं पुस्तक उघड, आज रात्रीच, आणि १०० टक्के दिसेपर्यंत खाली ठेवू नकोस. आणि मग त्याला फोन कर. मेसेज नाही, फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. शेवट कसा वाटला ते सांग. पुढचं तो बोलेल, आणि नाहीच बोलला तर सांगली-कोल्हापूर पन्नास किलोमीटर आहे, एसटी दिवसभर असते.

किंडल आत्ताच चार्जिंगला लाव. मधेच बंद पडलं हे मी ऐकून घेणार नाही.