उधारीची वही आणि पायथॉनची डिक्शनरी

नमस्कार भाऊ,

तुमचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान. मुलगी बीकॉमच्या पहिल्या वर्षाला, तीन महिन्यांपासून घरीच पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम लिहायला घेतला, तर २५० आणि १७५ ची बेरीज ४२५ ऐवजी २५०१७५ आली. दोन दिवस डोकं लावूनही चूक सापडेना, तेव्हा ‘हे कॉमर्सवाल्यांचं काम नाही’ म्हणून तिने लॅपटॉप मिटला. क्लासवाले म्हणतात, ६०,००० भरा, सहा महिन्यांत डेटा सायन्स. पैसे भरू की नाद सोडायला सांगू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. निदान आत्ता तरी.

आधी चूक. पायथॉनमध्ये ‘इनपुट’ने घेतलेली कुठलीही गोष्ट मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, म्हणूनच आत येते, आकडा असला तरी. दोन मजकुरांत अधिकचं चिन्ह घातलं की ते एकापुढे एक चिकटतात. ‘इंट’ लावून त्याचा पूर्णांक केला की ४२५ येतील. आता गंमत बघा, मशीनने एरर दिलीच नव्हती. अडीच लाखांचं बिल आपल्या दुकानात होऊच शकत नाही, हे तिला गल्ल्यावर बसल्यामुळे कळलं. हे कॉमर्सवाल्यांचंच काम आहे.

लिस्ट, टपल, डिक्शनरी या पायथॉनमध्ये माहिती ठेवायच्या पद्धतींत गोंधळते म्हणता, तर तिला तुमची उधारीची वही द्या. कुणाची बाकी बघायची तर तुम्ही पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, नाव काढता आणि समोरचा आकडा बघता. डिक्शनरी तेच करते. दिवसभराची विक्री ओळीने मांडली की लिस्ट. एकदा ठरलं की बदलायचंच नाही ते टपल. आज वेगवेगळी किती गिऱ्हाइकं आली हे हवं असेल तर सेट. एकच नाव चारदा घातलं तरी तो एकदाच ठेवतो.

खरा कस पुढे लागतो. गावात दोन सुरेश पाटील असतील तर? डिक्शनरीत दुसऱ्याची बाकी टाकताच पहिल्याची गुपचूप पुसली जाते. तुम्ही वहीत ‘मळ्यातले’, ‘वेशीजवळचे’ असं लिहीत असाल, तिने नावाऐवजी मोबाईल नंबर वापरावा. आणि तो नंबर मजकूर म्हणूनच ठेवावा, कारण मोबाईल नंबरांची बेरीज कुणी करत नाही. ग्राहक क्रमांक ००४५ असेल आणि त्याचा पूर्णांक केला, तर सुरुवातीची शून्यं गेलीच.

पैशांचंही तसंच. पायथॉनला ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. दशांश अपूर्णांक तो अर्धा, पाव, अर्धपाव अशा तुकड्यांत साठवतो, आणि ०.१ त्यांत नेमका बसत नाही, म्हणून ही शेपटी. हिशेबात ती नको असेल तर सगळी रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायची. आणखी एक : लिस्टला नुसतं दुसरं नाव दिलं म्हणजे तिची प्रत होत नाही. एकीत बदल केला की दुसरीतही दिसतो. या पायी मी एक अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून आधीच सांगते.

क्लासचं म्हणाल, तर पायथॉन फुकट आहे, त्याचं अधिकृत ट्यूटोरियलही. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांना नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी असते. दोन महिन्यांत तिने उधारीचा प्रोग्राम पुरा करावा. जोडीला एक्सेल पक्कं करावं, मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. बीकॉम सोडू नये. हिशेब कळणारी आणि थोडं प्रोग्रामिंग येणारी मुलगी अकाउंट्सच्या किंवा एमआयएसच्या, म्हणजे कंपनीचे आकडे-अहवाल बनवायच्या, कामाला हवी असते. पहिला पगार मात्र जाहिरातीतल्यासारखा नसतो. लिस्ट आणि टपलमधला फरक फ्रेशरच्या मुलाखतीत बऱ्याचदा विचारतात. तेव्हा पाठ केलेली व्याख्या सांगण्यापेक्षा दुकानाचं उदाहरण द्यावं.

त्यानंतरही क्लास लावावासा वाटला, तर आधी दोन तास बसून बघू द्या म्हणावं आणि फी परतीची अट लेखी मागावी. तोंडी आश्वासनावर तुम्ही गुळाची भेली तरी उचलाल का?

वही देताना एक करा : नावं बदलून द्या. प्रोग्राम ती मैत्रिणींना दाखवणार, आणि कुणाची किती बाकी आहे हे गावभर व्हायला नको.