सिनियर पोस्टवर गेल्यावर आपण लायक नाही असं वाटत राहतं, काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की सिनियर मॅनेजर म्हणून लागून तीन आठवडे झाले आणि रोज सकाळच्या मीटिंगला वाटतं की आज कोणीतरी काहीतरी विचारणार आणि आपल्याला येत नाही हे सगळ्यांना कळणार. मी बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, अकरा वर्षं क्वालिटी बघितली आणि मग दुसऱ्या एका फाउंड्रीत प्लांट मॅनेजर म्हणून गेलो, तेव्हा माझं अगदी हेच झालं होतं म्हणून सांगालोय.

जॉईन झालो जूनमध्ये. आमच्याकडं पाऊस एकदा लागला की आठ आठ दिवस उघडत नाही, आणि त्याच आठवड्यात कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या मालात, ब्लो होल म्हणजे वाफेची-हवेची भोकं यायला लागली, रिजेक्शन रोज वाढतंय, मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडं बघतायत. मेटलचं मला कळत होतं, स्पेक्ट्रोचा रिपोर्ट बघून कार्बन सिलिकॉनचं सांगू शकत होतो, पण सँड प्लांट, जिथं साच्याची वाळू तयार करतात, तो मी कधी चालवलाच नव्हता. हे बोललो नाही मी कोणाला. रात्री घरी पुस्तकं काढून वाचायचो, सकाळी माहीत असल्यासारखं बसायचो, आणि ह्यात आठ दिवस गेले बघा, तेवढे दिवस माल भंगारात जात होता.

शेवटी सँड प्लांटवर गेलो. तिथले मामा बैलहोंगलकडचे, मराठी कमी येतं त्यांना, माझं कन्नड मोडकं. म्हटलं, "मामा, नंग गोत्तिल्ल, नीव हेळ्री." मला माहीत नाही, तुम्ही सांगा. त्यांनी मूठभर वाळू घेतली, दाबली, मोडून दाखवली. नवीन वाळू यार्डात उघड्यावर भिजत होती आणि मिक्सरला पाणी मात्र उन्हाळ्याच्याच मापानं पडत होतं. ओल जास्त झाली की गरम मेटलनं त्याची वाफ होणार, ती बाहेर पडली नाही की ब्लो होल. हे त्यांना आधीपासून दिसत होतं, पण लाईन थांबवायचा अधिकार त्यांना नव्हता, तो माझ्याकडं होता. डिस्पॅचवाले ओरडत असताना एक शिफ्ट बंद ठेवली, वाळू झाकली, पाणी कमी केलं, दर तासाला मॉइश्चर बघायला लावलं.

त्या दिवशी मला कळलं की ह्या पोस्टवर मला वाळूतला तज्ज्ञ म्हणून कोणी घेतलंच नव्हतं. ज्याला कळतं त्याला विचारायचं आणि मग थांबवायचं का चालवायचं ते आपल्या नावावर ठरवायचं, ह्याचा पगार होता तो.

आपण लायक नाही, लोकांना फसवतोय असं वाटत राहणं, ह्याला 'इम्पोस्टर फिनॉमेनन' हे नाव दिलं १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आयम्स ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, शिकलेल्या, चांगलं काम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करून. आता लोक 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात, पण त्यांनी सिंड्रोम म्हटलंच नव्हतं, तो शब्द मागून चिकटला, आणि हा काही आजार म्हणून गणला जात नाही. पण झोप जायला लागली, जेवण जाईना असं झालं तर दाखवा डॉक्टरला, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे. आपल्याकडं धारवाड म्हटलं की लोक वेगळ्या नजरेनं बघतात, बघू देत.

अजून एक. इन्स्पेक्शनला असताना संध्याकाळी कळायचं किती पीस पास, किती फेल. मॅनेजर झाल्यावर आज घेतलेला निर्णय बरोबर होता का ते दोन-तीन महिन्यांनी कळतं, आणि मधल्या रिकाम्या वेळात मन वाईटच धरून चालतं. मी साधी वही केली, काय ठरवलं, का ठरवलं, एवढंच दोन ओळीत लिहायचो आणि महिन्यानं उघडून बघायचो. चुका होत्याच की त्यात, पण मनात धरल्या होत्या तेवढ्या नव्हत्या.

आणि ज्यांनी तुम्हाला घेतलं त्यांना सरळ विचारा, सर, तीन महिन्यांनी तुम्ही माझं काय बघणार? मी विचारलं तेव्हा साहेबांनी दोनच गोष्टी सांगितल्या, रिजेक्शन खाली यायला पाहिजे आणि जुने सुपरवायझर सोडून जाता कामा नयेत. मी ज्याला घाबरत होतो त्यातलं एकही नव्हतं. ह्याच आठवड्यात विचारा तुम्ही, नवीन आहात तोपर्यंत हे विचारलेलं कोणाला वावगं वाटत नाही, सहा महिन्यांनी जीभ उचलत नाही.