वाचक विचारतात: स्टॉलवर गाडी होती, बोलायला माणूस नव्हता

प्रश्न: नमस्कार दादा, परवा बेळगावला सीपीएड मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन होतं तिथं घरचे सगळे मिळून गेलतो, बाबा पण होते. बजेट १२ लाखाच्या आत आणि कंपनी मनात जवळजवळ फिक्स, नाव नको लिहायला. त्या स्टॉलवर टी-शर्ट घातलेली पोरं उभी, निम्मी मोबाईलमध्ये, आणि जी गाडी बघायची होती तीच लॉक. किल्ली कुणाकडं हाय विचारलं तर सर जेवायला गेलेत. सीएनजी घेतली तर डिकीत जागा किती उरते, स्टेपनी कुठं जाते, आमच्या जांबोटीच्या रस्त्याला ग्राउंड क्लिअरन्स (रस्त्यापासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) पुरतोय का, एवढंच विचारलं तर म्हणे ब्रोशरमध्ये सगळं आहे सर, आणि ब्रोशर संपलेले! माझा नंबर मात्र तिघांनी वेगवेगळा लिहून घेतला. बाबांचे गुडघे दुखतात, सीटची उंची बसून बघायची होती, तेवढं पण झालं नाही. शेजारच्या स्टॉलवर दुसऱ्या कंपनीच्या मुलीनं बाबांना आधी खुर्ची दिली, मग दार उघडून गाडीत बसवलं. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. बायको म्हणते ज्यांना प्रदर्शनात गिऱ्हाईक सांभाळता येत नाही ते गाडी विकल्यावर काय बघणार. तिचं बरोबर हाय का?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर: वहिनींचं निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आपल्याकडच्या गावपातळीच्या प्रदर्शनात स्टॉल बहुतेक वेळा कंपनीचा नसतोच, तो डिलरचा असतो. जागेचं भाडं, पोरांचा पगार, गाडी आणायचं डिझेल बरंचसं त्याच्याच खिशातनं जातं, आणि पोरांतली काही तर एजन्सीकडनं दोन-तीन दिवसांपुरती आणलेली असतात. रात्री मॅनेजर एकच विचारतो, आज लीड किती, म्हणजे गिऱ्हाइकांचे नाव-नंबर किती मिळाले? किती जणांना नीट उत्तर दिलं हे कुणी विचारत नाही. त्यामुळं पोरांच्या हातातला नंबर लिहून घ्यायचा टॅब म्हणजे लग्नातली आहेराची वही झालीय, नाव नि आकडा लिहून घेणाऱ्याला तुम्ही जेवलात का उपाशी चाललात याच्याशी देणंघेणं नसतंय. तिघांनी तीनदा नंबर घेतला ना, ते म्हणूनच, तिघांचं टार्गेट वेगळं!

गाडी लॉक ठेवण्यामागं मात्र एक खरं कारण असू शकतं. ठेवलेली गाडी कधीकधी विकायच्या स्टॉकमधली असते, दिवसभर पोरंटोरं आत उड्या मारून गेली, सीटला हात लागले, एखादं बटण तुटलं की ती नवी म्हणून कोण घेणार? कबूल. पण मग डिलरकडं टेस्ट ड्राइव्हची गाडी असतेच की, ती आणून उघडी ठेवायला काय झालं होतं? इथं मी त्या डिलरला सोडणार नाही, आणि कंपनीला तर त्याहून नाही.

कारण बघा, मोठ्या प्रदर्शनांचीच हवा आता उतरत चाललीय. दिल्लीचा ऑटो एक्स्पो १९८६ ला सुरू झाला, २०१४ ला ग्रेटर नोएडाला गेला, आणि जानेवारी २०२३ च्या खेपेला महिंद्रा, होंडा, स्कोडा, फोक्सवॅगन, मर्सिडीज असे कितीतरी आलेच नाहीत. महिंद्रानं तर १५ ऑगस्टच्या आसपास स्वतःचाच कार्यक्रम करायची पद्धत पाडली. जिनिव्हाचं प्रदर्शन १९०५ पासूनचं, ते पण २०२४ नंतर बंद. खर्च प्रचंड, आणि गाडीचा फोटो, व्हिडिओ, किंमत तर सगळ्यांना घरबसल्या मोबाईलवर दिसतेच. मग प्रदर्शनात जाऊन वेगळं काय मिळणार, तर आत बसून बघणं, डिकी उघडणं, एका जित्या माणसाला प्रश्न विचारणं. नेमकं तेच यांनी कुलपात घालून ठेवलं आणि फोटो काढायला रंगीत लाइट लावली!

आता वहिनींचं जे निम्मं पटत नाही ते. स्टॉलवरनं गाडीची पारख होत नाही, चांगल्या स्टॉलवरनं पण नाही. त्याच २०२३ च्या एक्स्पोत मारुतीनं पाच दारांची जिम्नी आणि फ्रॉन्क्स एकाच वेळी दाखवल्या. बोलबाला सगळा जिम्नीचा. पुढं खपली कुठली? फ्रॉन्क्स, आणि ती पण जोरात. जिम्नीवर त्याच वर्षाच्या शेवटी मोठे डिस्काउंट द्यायची पाळी आली. तसंच शेजारच्या स्टॉलवरच्या त्या मुलीचं मला खरंच कौतुक आहे, पण तिनं खुर्ची दिली म्हणून त्या गाडीचा क्लच चांगला असं होत नाही.

पण डिलरची पारख होते, आणि वहिनी तिथं बरोबर आहेत. ज्या मालकाचा स्टॉल, बऱ्याचदा त्याचंच सर्व्हिस सेंटर. म्हणून सोमवारी सकाळी त्यांच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन अर्धा तास नुसतं बसा. वेटिंगला बसलेली माणसं न विचारता सगळं सांगतात, बिल किती सांगितलेलं आणि किती झालं, गाडी कधी देतो म्हणाले आणि कधी दिली. मग शोरूमला बाबांना घेऊन जा, घरची एक बॅग आणि तांदळाचं एक पोतं पण न्या, सीएनजीवाल्या डिकीत घालून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका, घरी बोलवा आणि घरचे सगळे बसवून जांबोटीच्या रस्त्यावर घाला, ग्राउंड क्लिअरन्सचं उत्तर तिथं आपोआप मिळतंय.

गाडी पसंत पडली आणि बेळगावचा डिलर नाही पडला तर वॉरंटी कंपनीची असते, डिलरची नव्हे, अधिकृत सेंटर कुठलंही चालतं. फक्त हुबळी काय नि कोल्हापूर काय, बेळगावपासनं दोन्हीकडं शंभरेक किलोमीटर, दर सर्व्हिसला तेवढं जायची तयारी पाहिजे. आणि एक ईमेल कंपनीच्या कस्टमर केअरला टाकाच, डिलरला नको. कुठलं प्रदर्शन, कुठली तारीख, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, शिवीगाळ न करता. लेखी तक्रार वरनं खाली आली की डिलरला उत्तर द्यावं लागतं, स्टॉलवर आवाज चढवून नुसता घसा बसतो.

प्रश्न: मी अशाच स्टॉलवर काम करतो. सकाळी दहा ते रात्री नऊ उभं, ट्रेनिंग म्हणजे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेली एक पीडीएफ. कीचेन मागणारे ढिगानं, गाडी घेणारा एखादा, तो ओळखायचा कसा? सगळे शिव्या आम्हालाच घालतात.
(एक वाचक, वडगाव)

उत्तर: भावा, ओळखायचा नाहीच, तिथंच सगळे फसतात. चिकोडी-अथणी पट्ट्यातला धोतर-टोपीवाला माणूस उसाचं बिल जमा झालं की गाडी बुक करून मोकळा होतो आणि गॉगलवाला फोटो काढून जातो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पीडीएफ एका रात्रीत पाठ होत नसते, पण डिकी, मायलेज, स्टेपनी, वेटिंग, ऑन रोड किंमत एवढी पाच उत्तरं कागदावर लिहून खिशात ठेवता येतात. बाकीच्याला माहीत नाही, विचारून उद्या फोन करतो म्हण, आणि खरंच कर, लोक तेवढ्यावर खूश होतात. आणखी एक, समोरचे आजोबा येळ्ळूरचे, तू वडगावचा, आणि तुम्ही दोघं हिंदीत काय बोलताय? ट्रेनिंगचं मात्र तुझं शंभर टक्के खरं, ते तुझ्या मालकानं वाचावं म्हणूनच छापतोय.

प्रश्न: प्रदर्शनात नंबर दिल्यापासनं लोनवाले, इन्शुरन्सवाले सारखे फोन करतात. काय करू?
(एक वाचक, शहापूर)

उत्तर: १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, करा. पण स्टॉलवरच्या फॉर्ममध्ये तुम्हीच टिक मारून संमती दिली असेल तर ती पण लेखी काढून घ्या, नाहीतर ते म्हणणार तुम्हीच नंबर दिलाय. आणि गाडीचा इन्शुरन्स डिलरकडनंच घ्यायची सक्ती नाही, कुणी काहीही सांगू दे.

प्रश्न: आम्ही निपाणीचे, बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. तिथल्या शोरूममध्ये माणसं आपुलकीनं बोलतात, फोन पण करतात. तिथंच घेऊ का, टॅक्स पण कमी म्हणतात?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: आपुलकीसाठी जरूर घ्या, टॅक्ससाठी नको. १० ते २० लाखाच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स महाराष्ट्रात १२ टक्के आणि कर्नाटकात १७ टक्के, वर सेस, हा फरक डोळ्यात भरतो खरा, पण गाडी कायम निपाणीत राहणार तर टॅक्स इथलाच भरायचा. पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच-०९ (कोल्हापूरचा नंबर) घेऊन फिरणारे पुढं आरटीओच्या चेकिंगला अडकतात आणि मग सगळा हिशेब उलटा होतो. कोल्हापूरवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा नंबर केए-२३ (चिकोडी आरटीओचा) पाहिजे, टेम्पररी पासिंगवर गाडी घ्या आणि फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) मागून घेतल्याशिवाय शोरूममधनं हलू नका.