उंदराचं लिव्हर बरं झालं, मग आमच्या ह्यांचं कधी?

प्रश्न: नमस्कार सर. माझे मिस्टर 54 वर्षांचे, दारूचा थेंब नाही, पण शुगर आहे आणि पोट सुटलंय. मागच्या महिन्यात फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची तपासणी) केला तर 11 किलोपास्कल आलं, डॉक्टर म्हणाले एफ3 आहे, म्हणजे शेवटच्या एफ4च्या आधीची पायरी, सांभाळा. तेव्हापासून दीर रोज काहीतरी फॉरवर्ड करतात, परवा आलं की जीन थेरपीने उंदरांचा लिव्हर फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रणासारखे धागे साचून ते कडक होणं) गेला. आता ओळखीतला एकजण म्हणतोय परदेशात ट्रायलमध्ये नंबर लावून देतो, आधी पैसे भरा. भरावेत का? आणि मुलगी विचारतेय, त्या उंदरांचं पुढे काय होतं?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: ताई, पैसे भरू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश वाचा. (मी पेशंट तपासणारा डॉक्टर नाही, पीएचडीवाला आहे, पण इथेच पुण्यात एका ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे उंदरांची बाजू मला ठाऊक आहे.)

दिरांची बातमी खोटी असेलच असं नाही. पण उंदराला हा फायब्रोसिस आपणहून होत नाही, तो आम्ही करतो. कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं लिव्हरचं विष तेलात मिसळून आठवड्यातून दोनदा पोटात टोचायचं, साधारण सहा आठवडे. मग लिव्हरचा पातळ काप काढून सिरियस रेडने रंगवायचा, की कोलॅजन, म्हणजे व्रणाच्या धाग्यांचं प्रोटीन, तेवढं लाल दिसतं. चांगल्या लिव्हरमध्ये हा लाल रंग रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनेच असतो, आणि बिघडलेल्यात एका वाहिनीपासून दुसरीपर्यंत लाल दोरेच दोरे, मला तर पहिल्यांदा बघताना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आठवली होती.

आता खरी गोम ऐका. टोचणं थांबवलं की ती जाळी काही आठवड्यांत आपली आपणच बरीचशी विरते, औषध न देता! म्हणून असली बातमी आली की मी दोनच गोष्टी बघतो. जीन कधी दिला, विष चालू असताना की जाळी पक्की झाल्यावर? आणि जीन पेशीत पोचवायला निरुपद्रवी केलेला व्हायरस वापरतात, तर ज्या उंदरांना जीनशिवाय नुसता रिकामा व्हायरस दिला, त्यांचं काय झालं? फॉरवर्डमध्ये हे दोन्ही नसतं, तुम्ही बघाच.

बरं, ही कल्पना काही कालची नाही. 1999 मध्येच जपानमध्ये सिरॉसिस (फायब्रोसिसची शेवटची पायरी) झालेल्या, उंदराहून मोठ्या पांढऱ्या रॅट्सच्या स्नायूत लिव्हर वाढवणाऱ्या एका प्रोटीनचा जीन टोचून फायब्रोसिस कमी करून दाखवला होता. 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी त्याहून भारी केलं, जाळी विणणाऱ्या पेशींनाच एएव्ही नावाच्या व्हायरसमधून जीन देऊन त्यातल्या काहींच्या लिव्हरच्या कामाच्या पेशी बनवल्या, उंदरातच. मला तो प्रयोग मनापासून आवडतो. पण तिथून माणसापर्यंत यायचं म्हणजे अडचणी खूप. एएव्ही सहज शिरतो तो लिव्हरच्या मुख्य पेशीत, आणि जाळी विणते ती बाजूची स्टेलेट पेशी, जी एरवी बिचारी व्हिटॅमिन ए साठवून गप्प बसलेली असते. त्यात लिव्हर कडक झालं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली बारीक भोकं बुजत जातात, म्हणजे व्हायरस आत जायचा रस्ताच अडतो. शिवाय उंदीर 25 ग्रॅमचा आणि माणूस 70 किलोचा, म्हणजे 2800 पट, आणि मोठा डोस लिव्हरलाच झेपत नाही. एका स्नायूच्या आजारावरच्या एएव्ही जीन थेरपीच्या चाचणीत 2020 आणि 2021 मिळून 4 मुलं दगावली, त्यात लिव्हर बिघडणं हा मोठा भाग होता. हिमोफिलियाची (रक्त न गोठण्याच्या आजाराची) जीन थेरपी आता मिळते, ती लिव्हरमध्येच जाते, पण देण्याआधी लिव्हर कडक आहे का हेच तपासतात. म्हणजे बघा, तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट तिथेच आडवा आला असता.

त्या ओळखीतल्या माणसाला ट्रायलचा नोंदणी नंबर विचारा. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या साइटवर दिसतात, परदेशातल्यांच्याही अशाच यादीत असतात, बघायला पैसे पडत नाहीत. नंबर नाही म्हणाला तर विषय संपला.

मिस्टरांसाठी आत्ता हातात आहे ते वजन. 10 टक्के उतरलं तर बऱ्याच जणांत फायब्रोसिस मागे सरकतो, म्हणजे तेच, विष थांबवलं की जाळी विरते, फक्त माणसात आठवड्यांऐवजी महिने-वर्षं जातात. तळजाई टेकडीवर चालायला जात असतील तर येताना मिसळ नको, एवढं मात्र बजावा. आणि रेस्मेटिरोम नावाच्या गोळीला अमेरिकेत मार्च 2024 मध्ये चरबीमुळे झालेल्या एफ2-एफ3 फायब्रोसिससाठी परवानगी मिळालीय, ती जीन थेरपी नाही, पण तुमच्या डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

मुलीला खरं सांगा, ते उंदीर वाचत नाहीत. काप काढायचा तर लिव्हर बाहेर काढावं लागतं, म्हणजे 'बरा झालेला' उंदीर पुढे किती टिकला असता हे सहसा कुणी पाहिलेलंच नसतं. किती उंदीर लागणार आणि त्याहून कमी का चालणार नाहीत, हे आधी एथिक्स कमिटीला लिहून द्यावं लागतं, आणि माझा पहिला अर्ज त्याच एका रकान्यावरून दोनदा परत आला होता.