वाचकांचे प्रश्न : तापवून घडवलेला पत्रा

प्रश्न : आम्ही २२एमएनबी५ या मँगनीज-बोरॉन पोलादाचे, अॅल्युमिनियम-सिलिकॉन लेपाचे ब्लँक (मापात कापलेले पत्र्याचे तुकडे) तापवून प्रेसमध्ये घडवतो. पावसाळ्यात काही भागांना कापलेल्या कडेपाशी दोन-तीन दिवसांनी तडे जातात. प्रेसमधून निघताना मात्र ते निर्दोष असतात. डाय (प्रेसमधला साचा) बदलावी का?
– पर्यवेक्षक, तळोजे

उत्तर : डायला हात लावू नका, आधी भट्टीतली हवा तपासा. तडा उशिरा जातो, कडेलाच जातो आणि पावसाळ्यातच जातो; यावरून संशय हायड्रोजनवरच घ्यावा लागतो. ९०० अंशांच्या पुढे तापलेला लेप हवेतल्या वाफेतला ऑक्सिजन घेतो आणि सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो. लेप नसलेल्या पत्र्यातून तो नंतर बराचसा निघून जातो. इथे थंड झालेला लेपच त्याची वाट अडवतो. डायमध्ये थंड झालेल्या भागाची ताणशक्ती १५०० मेगापास्कलच्या घरात असते. एवढ्या कठीण मार्टेन्साइटला (झटकन थंड केल्यावर पोलादाची होणारी कठीण रचना) तडकायला थोडा हायड्रोजनही पुरतो, आणि कातरलेल्या कडेला ताण आधीच साठलेला असतो.

३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे कोकणातला नेहमीचा आषाढ, या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो, २८ अंशांच्या आसपास येतो. भट्टीत तो उणे ५ किंवा त्याहून खाली हवा. शीतकरणावर चालणारा एअर ड्रायर साधारण ३ अंशांपर्यंतच पोचतो, म्हणून शोषक द्रव्याचाच ड्रायर घ्या. दवबिंदू ड्रायरच्या तोंडाशी मोजून भागत नाही, नमुना भट्टीच्या आतून घ्या. भट्टीत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, नाहीतर दारातून दमट हवा आत येते. गॅसवर चालणाऱ्या रेडिएंट ट्यूबला (आत ज्योत जळून भट्टी तापवणारी बंद नळी) चीर गेली असेल तर ज्वलनातली वाफ थेट भट्टीत उतरते. हे कारण फार वेळा नजरेतून सुटते, म्हणून ट्यूब तपासल्याशिवाय ड्रायरवर खर्च करू नका. ब्लँक ओले चढवू नका. लाइन थांबल्यामुळे आत अडकलेले ब्लँक सरळ भंगारात टाका. कड कातरण्याऐवजी लेसरने कापली तर ताण बराच कमी होतो. पुढे रंगाच्या भट्टीत १७०-१८० अंशांना वीस मिनिटे गेली की बराच हायड्रोजन निघून जातो, तोवर भाग जबरदस्तीने वाकवून जोडू नका.

प्रश्न : भट्टीतला वेळ वाढवला तर लेप जास्त घट्ट बसेल का?
– पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : एका मर्यादेपर्यंतच. लेप ५७७ अंशांच्या सुमारास वितळू लागतो, मग पोलादातले लोह त्यात मिसळते आणि वितळणबिंदू चढतो. हे मिसळणे पुरे होण्याआधी घाई केली तर वितळलेला लेप भट्टीतल्या रोलरला चिकटतो. दीड मिलिमीटरच्या ब्लँकला ९००-९३० अंशांना साधारण पाच-सहा मिनिटे लागतात, पण ठरावीक वेळ लेपाच्या वजनावर आणि भट्टीवर अवलंबून असतो. वेळ लांबला की पोलादालगतचा विसरण-थर (लोह आणि लेप एकमेकांत मिसळून झालेला थर) जाड होतो, स्पॉट वेल्डिंगला ठिणग्या उडतात आणि हायड्रोजनही वाढतो. नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजणे, हीच खरी खात्री.

प्रश्न : अपघातानंतर गाडीचा दाराशेजारचा खांब थोडा दबला आहे, आणि ओरखड्यापाशी तांबूस डागही दिसतो. गॅरेजवाले तापवून सरळ करू म्हणतात.
– गाडीमालक, मालवण

उत्तर : तापवू देऊ नका. हा खांब बहुधा वर सांगितलेल्या, तापवून घडवलेल्या पोलादाचाच असतो. ज्योतीखाली मार्टेन्साइट मऊ पडते, आणि दिसायला सरळ झालेला खांब पुढच्या धडकेत टिकत नाही. निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेप्रमाणे तो बदलावा लागतो. तांबूस डागाची वेगळी गोष्ट : कारखान्यात घडवण्यासाठी तापवताना लोह लेपात वर आलेले असते, त्याचाही गंज दिसतो, म्हणून डाग दिसला की पत्रा खोलवर खाल्ला असेलच असे नाही. पण हा लेप जस्तासारखा स्वतः झिजून पोलाद वाचवत नाही, तो फक्त आडोसा आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ओरखडा उघडा न ठेवता गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, प्रायमर आणि रंग लावून घ्या.